सगळी माकाच सांगतत

ओले काजू सोलायला बसताना हाताला राख लावायची, हे आमच्याकडे पोरांना बाराखडीच्या आधी कळतं. सालीतलं तेल लागलं की कातडी भाजते आणि चार दिवसांनी बोटांची सालपटं निघतात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात माझी भाची बारावीचे पेपर संपवून कणकवलीहून आमच्याकडे राहायला आली. दुसऱ्याच दिवशी आई, ती आणि मी मागच्या पडवीत काजूची टोपली घेऊन बसलो. आई चहा ठेवायला आत गेली, तसं तिने विचारलं, "मावशे, मी सायकॉलॉजी घेव काय?"

"कित्याक घेवची वाटता?"

"सगळी माकाच सांगतत."

वर्गातल्या मुली, शेजारची नवी सून, ट्यूशनमधला एक मुलगा. रात्री अकरा-अकरापर्यंत तिचा फोन चालू असतो आणि ती ऐकत असते. मला हे खरं वाटलं, कारण तिच्यात ते आहे. पण मी लगेच हो म्हणाले नाही, आणि तिचा चेहरा पडला. तिला त्या दिवशी जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे. तिच्या वयाची मुलं मला दर वर्षी हेच विचारतात.

मी वेंगुर्ले तालुक्यात समुपदेशनाचं काम करते, त्याला आता अकरा वर्षं झाली. बारावीनंतर मी घरी जे सांगितलं होतं, तेही हेच होतं: सगळे मलाच सांगतात.

आमच्या घरात मी समजूत घालणारी मुलगी होते. कुणी रुसलं, जेवायला येईना, की "हिला पाठवा." मी बारा वर्षांची असतानाचा एक गणपती मला लख्ख आठवतो. मुंबईचे चाकरमानी आलेले, घरात तीसेक माणसं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पंगत बसायच्या वेळी धाकटी काकू माडीवर जाऊन बसली. मला वर पाठवलं. मी तिच्या गळ्यात हात टाकला, दहा मिनिटं गोड गोड बोलले, आणि काकू डोळे पुसून खाली आली. पंगत झाली. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, मोठ्या काकांनी दहा रुपये दिले.

काकू माडीवर का गेली होती, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. ते मला कळलं पंधरा वर्षांनी, आणि तिने ते सांगितलं तेव्हा मला त्या दहा रुपयांची आठवण येऊन पोटात ढवळलं. घराला पंगत वेळेवर हवी होती, आणि ते काम मी करून दिलं होतं. काकूच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नव्हतं.

समजूत घालणं आणि समजून घेणं, या दोन गोष्टी मराठीत इतक्या जवळ आहेत की त्यांतला फरक कळायला मला एम.ए. करावं लागलं. आणि तोही पुस्तकातून कळला नाही. मी डोंबिवलीला मामाकडे राहून कालिन्याला मुंबई विद्यापीठात जायचे. प्रात्यक्षिकाचा भाग म्हणून एका व्यक्तीशी, तिची परवानगी घेऊन, पंचेचाळीस मिनिटं बोलायचं, ते ध्वनिमुद्रित करायचं आणि शब्दन् शब्द कागदावर उतरवायचा, असं होतं. उतरवून काढायला दोन रात्री गेल्या. आमच्या बाईंनी ती पानं माझ्यासमोर ठेवली आणि लाल पेन माझ्याच हातात दिलं. म्हणाल्या, "तू जिथे जिथे तिला थांबवलंस, तिथे खूण कर." मी केल्या. 'काळजी करू नकोस' अकरा वेळा. 'सगळ्यांचंच असं असतं' सहा वेळा. एका ठिकाणी ती बोलता बोलता थांबली होती. ध्वनिमुद्रणात ती शांतता चार सेकंदांची आहे, आणि पाचव्या सेकंदाला मी बोलायला लागले आहे. ती काय बोलणार होती, ते मला कधीच कळणार नाही.

म्हणून "सगळे मलाच सांगतात" असं कुणी म्हणालं की मी पुढचा प्रश्न विचारते: ते सांगतात, तेव्हा तू काय करतेस? माणूस रडत असताना तुला ते थांबवावंसं वाटतं का? मला वाटायचं. आजही वाटतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ साली लिहिलं होतं की समोरचा माणूस बदलायचा असेल तर समुपदेशकाकडून तीन गोष्टी लागतात: त्याचं जग त्याच्या जागेवरून समजून घेणं, स्वतः खरं असणं, आणि कुठलीही अट न घालता त्याला स्वीकारणं. परीक्षेत मला यावर पूर्ण गुण मिळाले होते. ती चार सेकंदांची शांतता त्यानंतरच्या महिन्यातली आहे.

अभ्यासक्रमाबद्दल थोडं, कारण भाचीला वाटतं की तिथे गप्पांचंच शास्त्र शिकवतात. त्यात संख्याशास्त्र आहे. प्रमाण विचलन, सहसंबंध, नमुना कसा निवडायचा. मानसिक कसोट्या असतात, आणि त्या देताना पुस्तिकेतला प्रश्न आहे तसाच विचारायचा, आपल्या मनाचा एक शब्द घालायचा नाही. बिने-कामत ही बुद्धिमत्ता कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी फ्रेंच मानसशास्त्रज्ञ बिने यांच्या कसोटीवरून मराठी आणि कन्नड मुलांसाठी तयार केली. ती शिकताना मला आमच्या वाडीतली मुलं डोळ्यांसमोर यायची. घरात मालवणी बोलणारं सहा वर्षांचं पोर प्रमाण मराठीतल्या प्रश्नाला "माका ठावक नाय" म्हणालं, तर त्याला उत्तर येत नाही की प्रश्न कळला नाही? ज्याला अशा प्रश्नाशी तासभर झटावंसं वाटतं, त्याच्यासाठी हे शास्त्र आहे. ज्याला फक्त माणसांविषयी प्रेम आहे आणि आकड्यांचा कंटाळा आहे, त्याला हा अभ्यास कठीण जातो.

पदव्यांचा गोंधळही सांगून टाकते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिॲट्रिस्ट. तो आधी एम.बी.बी.एस. झालेला डॉक्टर असतो आणि औषधं लिहून देतो. आम्ही औषधं देत नाही. 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' म्हणवून घ्यायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी लागते. त्यासाठी आजवर एम.ए.नंतर दोन वर्षांचा एम.फिल. हा ठरलेला रस्ता होता. त्याच्या जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा अवघड. तो एम.फिल. आता बंद होत चालला आहे, २०२५-२६ पर्यंतच त्याला मुदतवाढ दिली होती, आणि नवे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत. शिवाय २०२५ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम बंद केले. नोकरी सांभाळत घरबसल्या एम.ए. करू म्हणणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. माझ्या पाटीवर 'क्लिनिकल' हा शब्द नाही, कारण माझी ती नोंदणी नाही. कुणी तीन महिन्यांच्या कोर्सवर पाटी लावली असेल तर तिथे प्रवेशही घेऊ नका आणि उपचारही. शाळा, कंपन्या, न्यायालयं, खेळाडू, संशोधन अशा इतरही वाटा आहेत. त्यांतलं मी केलेलं काम फक्त शाळेतलं.

शाळेची हकिकत सांगते. मुंबईहून परत आल्यावर एका शाळेत मला आठवड्यातून तीन दिवस नेमलं होतं. शाळेचं नाव लिहीत नाही. दोन महिने बरे गेले. मग मला बोलावून सांगण्यात आलं की प्रत्येक मुलाने काय काय सांगितलं, ते रजिस्टरमध्ये लिहून दर शनिवारी कार्यालयात द्यायचं. मी म्हणाले, मूल स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर उठलं असेल, तर मी लगेच सांगेन. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने ते कळवणं मला बंधनकारकच आहे. पण बाकीचं त्या मुलाचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या तेविसाव्या कलमात मानसिक उपचार घेणाऱ्याचा गोपनीयतेचा हक्क लिहून ठेवलेला आहे, तेही मी त्यांना दाखवलं. पुढच्या महिन्यापासून मला येऊ नका असं सांगण्यात आलं. तेव्हा तोच माझा एकमेव ठरलेला पगार होता. मला त्या निर्णयाचं वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते नववीतल्या एका मुलाचं. तो त्या शुक्रवारी येणार होता.

आणि आता ती गोष्ट, जी मोठ्या शहरातल्या सल्ल्यात तुम्हाला कुणी सांगणार नाही. आमच्याकडे सगळे सगळ्यांना ओळखतात.

माझ्या खोलीच्या शेजारी दातांचा दवाखाना आहे. पहिल्या वर्षी मला वाटायचं, जागा चुकली. आता मला ती जागा सोडवत नाही, कारण माझ्याकडे येणारी कितीतरी माणसं घरी "दाताक जातंय" असं सांगून येतात. काही जण मोटरसायकल बाजारात लावून चालत येतात. 'ह्याका रत्नागिरीक न्हेवक व्हया' हे वाक्य आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या शिवीसारखं वापरलं गेलं आहे. राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक रत्नागिरीत आहे, बाकीची ठाणे, येरवडा आणि नागपूरला. तिथे माणसं बरी होऊन घरी जातात, हे त्या वाक्यात कुठेच येत नाही. त्या भीतीतून वाट काढून एखादी बाई माझ्या दारापर्यंत येते, तेव्हा तिने केवढं धाडस केलेलं असतं, याची मला जाणीव असते.

म्हणून पहिल्याच भेटीत मी सांगते: बाहेर आपण भेटलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही दाखवलीत तर मी दाखवीन. मुंबईत हे सोपं आहे, तिथे ओळखीची माणसं भेटतातच किती? इथे मासळी बाजार एक, एसटी स्टँड एक, आणि जत्रेला सगळा गाव. गेल्या वर्षी आई बाजारातून आली ती गप्पच. संध्याकाळी म्हणाली, "ती माका बोलली, तुझा चेडू आता मोठा झाला ता, आमका कित्याक ओळख दाखवतला?" मी कुणासमोरून न बोलता गेले होते, हे मला माहीत होतं. का, तेही माहीत होतं. आईला मी काहीच सांगू शकले नाही. "माझं लक्ष नव्हतं" असंही म्हणाले नाही, कारण ते खोटं झालं असतं. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. आमच्याकडे समोरच्याला न विचारता पुढे जाणं हा अपमान असतो, आणि आईने सत्तर वर्षं कुणाचा अपमान केलेला नाही.

या पेशाचा विचार करणाऱ्याने मला विचारलं की यात सर्वांत कठीण काय, तर मी हेच सांगेन. दुःखाच्या गोष्टी ऐकणं कठीण आहेच. पण त्या ऐकून झाल्यावर घरी येऊन, जेवताना, आपल्या सर्वांत जवळच्या माणसासमोर तोंड मिटून बसणं, आणि त्यापायी स्वतःविषयी गैरसमज होऊ देणं, हे रोजचं आहे. जवळच्या नात्यातल्या माणसाला मी तपासत नाही, दुसरीकडे पाठवते. त्यावरूनही रुसवे होतात. चुलत बहिणीने वर्षभर फोन केला नव्हता.

इथे मी कुणाचीही केस लिहिलेली नाही, नाव बदलूनही नाही. दोन तपशील जुळले की इथे माणूस ओळखला जातो.

लोक विचारतात, गावात गाऱ्हाणं आहे, देवाचा कौल आहे, मग तुमच्याकडे कोण येणार? मी लहानपणापासून देवळात गाऱ्हाणं ऐकत आले. गावकर उभा राहून घराण्याची अडचण देवासमोर मोठ्याने मांडतो आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आपलं दुःख दुसऱ्याने शब्दांत मांडावं आणि गावाने त्याला होकार द्यावा, यात मोठा आधार आहे. पण सगळ्यांसमोर सांगता येत नाही असंही काही असतं, आणि ते घेऊन माणसं माझ्याकडे येतात. मी कुणालाही कौल लावू नका म्हणत नाही. एवढंच विचारते, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत ना? त्या बंद करू नका.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्यावरून गेलं. कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती, माड आणि आंब्याची झाडं घरांवर पडली होती. मी काही जणांबरोबर किनाऱ्यावरच्या एका वाडीत गेले. पिशवीत वही होती आणि डोक्यात प्रश्न तयार होते. एक आजी पडक्या घरासमोर ताडपत्रीशी झटत होती. मी तिच्याजवळ जाऊन मऊ आवाजात बोलायला सुरुवात केली. ती म्हणाली, "ह्या टोक धर गो बाय, मगे बोल." मी धरलं. दुसरं टोक तिने बांधलं, मग तिसरं, चौथं. तास गेला असेल. मग ती ओट्यावर बसली आणि मी न विचारता बोलायला लागली. आपत्तीनंतरच्या मानसिक प्रथमोपचाराची जागतिक आरोग्य संघटनेची पुस्तिका २०११ ची आहे आणि तिचा गाभा तीन शब्दांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. माणसाला आधी छप्पर, पाणी आणि आपली माणसं लागतात, खोदून खोदून विचारायचं नाही, असं तिच्यात सांगितलं आहे. मी ती वाचलेली होती. तरी मी वही काढली होती.

पैशाचं लपवून ठेवत नाही. पन्नास मिनिटांचे मी पाचशे रुपये घेते, ज्यांना जमत नाही त्यांच्याकडून कमी. दिवसाला पाच माणसांच्या वर पाहत नाही, सहाव्यापाशी मी ऐकत नसते. पहिली दोन वर्षं आठवड्याला तीन-चार माणसं यायची, बाकीचा वेळ शिकवण्या घ्यायचे. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत असं दिसलं होतं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के माणसांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. म्हणजे गरज अफाट आहे. तरी माझी खोली रिकामी असायची. सरकारचा टेली-मानस १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीचा मोफत क्रमांक मी प्रत्येकाला लिहून देते, कारण रात्री दोन वाजता मी उपलब्ध नसते आणि तो असतो.

दर गुरुवारी संध्याकाळी मी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर जाते. खाली रेंज येत नाही. तिथे एका काजूच्या झाडाखाली स्कूटर लावून पुण्यातल्या माझ्या ज्येष्ठ सहकारी बाईंशी तासभर बोलते. त्यांना मी कुणाचं नाव सांगत नाही, पण मी कुठे अडखळले, कुठे घाबरले, कुणाचा राग आला, ते सगळं सांगते. अकरा वर्षांनंतरही हे लागतं. ज्याला वाटतं की आपण फक्त इतरांचं ऐकू आणि आपलं कुणाला सांगायची गरज पडणार नाही, त्याने या वाटेला येऊ नये असं मला मनापासून वाटतं. अशी माणसं मी मोडताना पाहिली आहेत.

यातलं त्या दिवशी भाचीला मी फार थोडं सांगितलं. तिला म्हणाले, आठ दिवस एक कर. जो कुणी फोन करेल, त्याला सल्ला देऊ नकोस. काळजी करू नको असंही म्हणू नकोस. तो थांबला तर तूही थांब. आणि जे ऐकशील ते कुणालाही सांगू नकोस.

आठवडा गेला. आंब्याच्या पेट्या भरायला सुरुवात झाली, बाबांच्या हाताखाली तिने मदत केली. रात्री तिचा फोन चालूच होता. खळ्यात तुळशीपाशी येरझाऱ्या घालताना ती दिसायची. एकदा मी पाहिलं, ती कितीतरी वेळ नुसती उभी होती, फोन कानाला, आणि काहीच बोलत नव्हती.

नवव्या दिवशी आम्ही पुन्हा काजू घेऊन बसलो. मी विचारलं, कसं झालं? म्हणाली, पहिल्या दिवशी जमलंच नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रीण चिडली, तू काहीच कशी बोलत नाहीस म्हणून. तिसऱ्या दिवशी तीच मैत्रीण दीड तास बोलली आणि तिने असं काहीतरी सांगितलं, जे आजवर कधी सांगितलं नव्हतं. "माका रात्रभर निज नाय," भाची म्हणाली. ती पुढे म्हणाली की अजून तिचं ठरलेलं नाही. हे आपल्याला रोज झेपेल का, माहीत नाही. अर्थशास्त्रही तिला आवडतं. मी म्हणाले, घाई नाही, निकालाला वेळ आहे.

मग मी विचारलं. तिला पारखायला म्हणून नाही, खरोखर मावशी म्हणून, काळजी वाटली म्हणून विचारलं, "काय गो सांगल्यान तिणा?"

तिने राखेत बोटं बुडवली, दुसरा काजू उचलला.

"ता मी सांगूचंय नाय, मावशे."